दारामागच्या तारखा

फडताळाचं दार उघडलं की आतल्या बाजूला
बेट्टाचं पेन्सिलीतलं अक्षर:
२८ सप्टेंबर. ९ ऑक्टोबर. २ ऑक्टोबर.
१७ ऑक्टोबर, सगळं गेलं.
३० सप्टेंबर.
तेवीस वर्षं, तेवीस ओळी,
दर साली पडलेलं शेवटचं दहिवर.
मी तेव्हा लोकरीचा ट्रक चालवायचो,
घरी यायचो तो आयते टोमॅटो खायला.

आता तारखा माझ्या गळ्यात.

इथं कारूत जून-जुलै हाडं गोठवतात,
ऑगस्टात जर्दाळू फुलतो, आणि बहुतेकदा फसतो.
वाटाणा, कांदा, पालक मी तेव्हाच पेरले,
त्यांना थंडीचं सोयरसुतक नाही.
टोमॅटो, भोपळा, घेवडा ही नाजूक मंडळी
खिडकीत, माशांच्या रिकाम्या डब्यांत,
काचेला नाक लावून.

सहकारी दुकानातला पोरगा म्हणाला,
'सरासरी पाच ऑक्टोबर, फ्लोर्सकाका.'
सरासरीनं कुणाचा वाफा करपत नाही.
एका रात्रीनं करपतो.
पलीकडची सार्लिना म्हणाली, बाभळीला विचार.
बाभूळ अजून नुसते काटेच दाखवत होती.

मग पावतीच्या पाठीमागं हिशेब मांडला.
पहिलं दहिवर एप्रिलअखेर पुन्हा दारात येईतो
हातात दोनशे दिवस.
भोपळ्याला लागतात एकशेवीस.
पाटाचं पाणी अकरा दिवसांनी, चाळीस मिनिटं,
म्हणजे अठरा पाळ्या,
त्यातल्या दोन-तीन धरणाच्या तळाला गेलेल्या.
पावसाचा रकाना आखला, आणि रिकामा ठेवला.
बेट्टा हे सगळं डोक्यात करायची,
भांडी घासता घासता.

नऊ तारखेला अर्धी रोपं बाहेर लावली,
अर्धी डब्यांतच.
ह्याला ती भित्र्याची शेती म्हणाली असती,
नाहीतर तीही असंच करायची.
मी कधी बघितलंच नाही.

बारा तारखेला दुपारी वारा पडला,
आभाळ धुतल्यासारखं झालं.
हे चांगलं नसतं, एवढं मलाही कळतं.
ट्रकमधली जुनी पोती काढली,
ती कमी पडली म्हणून चर्चच्या जेवणावळीचे टेबलक्लॉथ,
तेही कमी पडले म्हणून तिचा निळा कोट.
कोट कुणावर घालायचा,
ह्यावर मी अंधारात बराच वेळ उभा होतो.

पाण्याची पाळी नेमकी रात्री दोन चाळीसची.
फळी उचलली. पाणी आलं,
बॅटरीच्या उजेडात काळं,
वाफ्यात पसरलं, आणि त्यातून थोडी ऊब वर आली
मेंढवाड्यातून येते तशी.
तीन वीसला खालच्या घरचा क्लासी आपली फळी उचलायला आला.
'किती आहे?'
'शून्याखाली दोन.'
'झोप आता.'
कोण झोपतंय.

सकाळी कुंपणाची तार पांढरी, नळ मुका.
घेवडा काळा, उकडून काढल्यासारखा.
भोपळ्याचं एक पान राहिलं, बाकीचा वेल लोळागोळा.
पोत्यांखालचे टोमॅटो उभे होते,
त्रासलेले, पण उभे.
कोटाखालच्या रोपाला
डांबरगोळीचा वास लागला होता.

१३ ऑक्टोबर, मी दारावर लिहिलं.
पुढं काय लिहावं?
सगळं गेलं म्हणावं तर गेलं नाही.
आणि शेवटचं तरी कशावरून?
शेवटचं दहिवर शेवटचं होतं
हे नोव्हेंबर उजाडल्यावर कळतं.
वाकून पाहिलं तर तिच्या ओळींखालीही
खोडलेल्या तारखा, एकीवर एक,
लाकडात नुसता वळ उरलेल्या.
पेन्सिलच का, ते आता लक्षात आलं.

टोक तुटलं होतं. चाकूनं तासताना
खिडकीतली उरलेली रोपं
सगळी एका बाजूला, उन्हाकडे, वाकलेली दिसली.
डबे फिरवून ठेवले.
उद्या दुसऱ्या बाजूला वाकतील.